नाल्यावर पाण्यास गेली

पोरीची फाइल परत आली त्या दुपारी मी दोन बाटल्यांवर उलटसुलट चिठ्ठ्या लावल्या. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासणीच्या खोलीत मी बावीस वर्षं काम करतेय, पण असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. सोबतच्या बाईच्या लक्षात आलं म्हणून बरं. तिनं बाटल्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि म्हणाली, "बस जरा. चेहरा पाह्य आपला."

फोनवर दोन ओळींचा निरोप होता. जात पडताळणीच्या प्रस्तावात त्रुटी. पन्नास सालाच्या आधीचा, जातीची नोंद असलेला पुरावा जोडलेला नाही.

पोरीला नागपूरला नर्सिंगच्या पदवीला जागा मिळाली होती. राखीव जागा. सव्वा महिन्याच्या आत पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर जागा जाणार होती. आम्ही महार, आता बौद्ध. नवऱ्याची जात वेगळी, पण पोर आमच्यातच वाढली आणि तिचा दाखला माझ्या जातीवर निघाला, म्हणून पुरावाही माझ्या माहेरचा लागत होता. आमची जात आम्हाला गावात कुणाला सांगावी लागली नाही, लोकांना ती आधीच ठाऊक असायची. कागदावर मात्र ती सापडत नव्हती. तहसीलमध्ये कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची नोंद असायला हवी होती. तिथल्या बाबूनं ते पुस्तक माझ्यासमोर उघडलं, तर त्या वर्षाची पानं वाळवीनं जाळी करून टाकलेली. बोट लावलं तिथं भुकटी झाली.

"मी काय करू बाई?" तो म्हणाला. "वडलाचं नाई चालत, ते मागाहूनचं आहे. आजा काय करत होता तुमचा?"

"मास्तर होते म्हणतात. थोडे दिवस."

"मंग ज्या शाळेत होते तिथी जाऊन पाहा ना."

मी हो म्हटलं, पण शाळा कुठली ते मला ठाऊक नव्हतं. कारण आमच्या घरात आजोबांच्या मास्तरकीबद्दल कुणी बोलत नसे.

आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला आठवतात ते मूलच्या धानगिरणीत पोती वाहणारे आजोबा. पाठीवर कोंडा चिकटलेला, बोलणं जवळजवळ नाही. आमच्या वस्तीत सार्वजनिक नळ होता, घरापासून वीसेक पावलांवर. आम्ही पोरी पाण्याला निघालो की ते हातातलं काम टाकून काठी घेऊन मागं यायचे आणि भांडी भरेपर्यंत नळाजवळ उभे राहायचे. इतर पोरी हसायच्या. मला लाज वाटायची. एकदा मी त्यांना न सांगता एकटी गेले, तर त्यांनी मला भर रस्त्यात मारलं. मग माझं भांडं स्वतः उचलून मला घरी आणलं. पुढं घरात नळ आला, आजोबा गेले, तरी वडिलांना बादलीचा आवाज आला की ते विचारायचे, "कोण आहे? कोण चाललं?" ही भीती कुठून आली ते आम्ही कधी विचारलं नाही. आमच्याकडं ती दमा किंवा साखर असावी तशी होती.

आणि एक शब्द होता. पळपुटा मास्तर. नातेवाइकांत भांडण झालं की कुणीतरी तो काढायचं. मग वडील उठून बाहेर जायचे.

वडीलही आता नव्हते. शाळा कुठल्या गावी होती हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. ती वरोऱ्याला लेकाकडं राहते, पंचाहत्तरीच्या घरात आहे. मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

"काऊन पाह्यजे तुले ते गाव?"

मी फाइलचं सांगितलं.

तिनं लसणाची कुडी खाली ठेवली. "दुसरा कागद नाई का कोणता?"

"नाही."

"नको जाऊ माय. काही सापडलं तं काय करशील?"

"काय सापडणार आत्या?"

तिनं कुडी परत उचलली आणि सोलायला लागली. मग मूलच्या पल्याड, सावलीच्या अंगाला, मोठ्या तलावाच्या काठचं एक गाव तिनं सांगितलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

शाळा अजून होती. दवाखान्यातल्या एकाच्या ओळखीनं तिथल्या मास्तरणीचा फोन मिळाला. आवाज तरुण होता. "जुनी दाखल-खारीज रजिस्टरं पेटीत आहेत ताई," ती म्हणाली. "पण लवकर या. पटावर नऊ मुलं उरलीत. शाळा बंद करून दप्तर दुसरीकडं हलवायचं चाललंय. तिथं जुने कागद कोण सांभाळेल, काय सांगता येत नाही. आणि येताना फाट्यावर थांबा. एकट्या चालत येऊ नका. मी घ्यायला येते."

"फार लांब आहे का?"

"सहा किलोमीटर. पण वाघ आहे."

माझ्या नवऱ्याची घुग्घुसच्या खाणीत पाळी होती, सुटी मिळेना. मी एकटीच एसटीनं निघाले. रोवणीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका चिखलात वाकून धान लावत होत्या. बांधावर एक बाई नुसती उभी, जंगलाकडं तोंड करून, हातात टिनाचा डबा. आधी वाटलं ती दमून उभी राहिली असेल. दुसऱ्या शेतातही तसंच दिसलं, तिसऱ्यातही, तेव्हा कळलं की एकीला पहाऱ्याला ठेवतात.

फाट्यावर मास्तरीण स्कूटी घेऊन आली. गोंडाची पोर, तिशीच्या आतली. तिनं मला मागं बसवलं आणि म्हणाली, "ताई, बोलत राहायचं. मोठ्यानं. काहीही बोला. मी हॉर्न देते."

"काय बोलू?"

"मी पाढे म्हणते रोज. तुम्ही काहीही म्हणा."

साग आणि बांबूचं जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेलं. ऊन नव्हतं. महिन्याभरापूर्वी या पट्ट्यात सात्या काढायला गेलेली बाई वाघानं नेली होती, हे मला बसमध्येच एकानं सांगितलं होतं. सात्या म्हणजे पावसाळ्यातल्या अळंब्या. पाढे एकदम विसरले. मग मी जे रोज लिहिते तेच ओरडायला लागले. हिमोग्लोबिन! पेशी! साखर, उपाशीपोटी! साखर, जेवणानंतर! युरिया! मास्तरीण सतराचा पाढा म्हणत होती. आज आठवून हसू येतं. तेव्हा मी तिच्या कमरेला इतकं घट्ट धरलं होतं की शाळेत उतरल्यावर तिनं कुर्ता सारखा करत "दुखलं ताई," असं सांगितलं.

शाळा म्हणजे दोन खोल्या, भोवती काटेरी तारांचं कुंपण. मुलं आत गेली की फाटकाला कुलूप लागायचं. लोखंडी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून रजिस्टरं ठेवलेली होती. सगळ्यात खालचं काढलं. जाड कागद, शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र सुरेख. मी ते अक्षर कधी पाहिलं नव्हतं. धानगिरणीच्या कोंड्यातले आजोबा असं अक्षर काढत असतील हे मनात बसेना. पहिल्या पानावर मास्तर म्हणून त्यांची सही होती.

मास्तरणीनं एकेक ओळ बोटानं खाली सरकत वाचायला सुरुवात केली. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. मुलगे, मुलगे, मुलगे. कारणात घरकाम, ढोरं राखणे, गाव सोडले. मग ती थांबली.

"ताई, ही मुलगी आहे. हे आडनाव तुमच्या आजोबांचंच आहे ना?"

वडिलांच्या जागी माझ्या पणजोबांचं नाव होतं. जात महार, स्पष्ट, ठळक. वय दहा. म्हणजे आजोबांची सख्खी धाकटी बहीण. आमच्या वंशावळीच्या कागदावर ती नव्हती. मी ती वंशावळ स्वतः शपथेवर लिहून दिली होती. आजोबांना दोन भाऊ, बहीण नाही.

शाळा सोडल्याच्या कारणात, त्याच अक्षरात, पाच शब्द होते. "नाल्यावर पाण्यास गेली, वाघाने नेला" असं आधी वाचलं, मग डोळे पुसून परत वाचलं तेव्हा शेवटचा शब्द "नेली" असा लागला. पहिल्या दोन शब्दांवर दुसऱ्या, निळ्या शाईनं आडवी रेघ मारलेली होती आणि वर वेगळ्या, वाकड्या हातानं लिहिलं होतं, "सरपणास".

मला काहीच ऐकू येईनासं झालं. शेजारच्या खोलीतली मुलं कविता म्हणत होती ते ओठांच्या हालण्यावरून कळत होतं.

"हिला ओळखणारं कुणी असेल का?" मी विचारलं.

मास्तरीण म्हणाली, "एक आजी आहेत. या शाळेत शिकले म्हणून सांगत असतात. चला, मधल्या सुटीत जाऊन येऊ."

आजी पंच्याऐंशीच्या पुढची. घर गावाच्या टोकाला, मागं तलावाची पाळ. ती सुपात तांदूळ निवडत होती. मी कोण ते मास्तरणीनं सांगितलं, तसं तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं रस्त्याकडं पाहिलं. सुनेला म्हणाली, "दरवाजा लोटून घे."

"मास्तर आपल्या बहिणीले घेऊन आले होते," ती सांगू लागली. "आमच्या गावात शिकणारी पोट्टी कोणीच नव्हती. तिले पाहून मी हट्ट धरला. मले पाठवलं मंग. ती अन् मी, दोघीच. देवळाच्या पडवीत शाळा होती पहिले. मास्तर आले तं पडवी बंद झाली, मंग चिंचेखाली भरे. आम्ही पाटी खाली ठेवत होतो. मास्तर उचलत, तपासत, मंग खाली ठेवत. हातात हात नाई. ते असंच असते, असं वाटे मले तेव्हा."

"पाणी कुठून आणायचे ते?"

तिनं सूप परत पुढ्यात ओढलं.

"विहिरीवर तिले येऊ देत नव्हते. नाल्यावर जाय ती. सकाळी मास्तर जात संगं. त्या दिवशी साहेब येणार होता शाळा पाह्याले. मास्तर पोट्ट्याइले पाठ घेऊन राह्यले होते. घागर रिकामी होती. तं ती म्हणे, मी जातो, आत्ता येतो. मी विहिरीवरच होतो बाई. माह्या हातात भरलेली घागर होती. ती माह्या समोरून गेली. मले म्हणे, येते का संगं? मी म्हटलं, माय मारल."

सून दाराशी उभी होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत असावी.

"मंग?"

"मंग घागर सापडली फक्त. अन् पुढी काही काही. मास्तरनंच आणलं गोळा करून. गावचा मालक म्हणे, लाकडाले गेली असं लिही. पाण्याले गेली लिहिलं तं साहेब विचारल, गावात विहीर असून नाल्यावर काऊन गेली. मास्तर म्हणे, पाण्याले गेली तं पाण्यालेच लिहीन. त्याइनं ऐकलं नाई. पेपर होतपर्यंत राह्यले. रोज संध्याकाळी आम्हा सगळ्याइले घरोघरी सोडून देत, डबा वाजवत. मालकाच्या पोट्ट्यालेही. पेपर झाले अन् मालकानं सांगितलं, आता या गावात दिसू नको. उद्या दिसला तं तुलेही वाघच नेल."

ती थांबली आणि लोटलेल्या दाराकडं बघायला लागली. सुनेनं मला आत बोलावून हळूच सांगितलं, "ताई, हे कुठं सांगू नका. त्याच घरच्या शेतात आम्ही रोवणीले जातो. अजून सगळं त्याइच्याच हातात आहे."

साडेचारला शाळा सुटली. पालकांनी मुलं नेली. आम्ही निघालो तेव्हा आभाळ भरून अंधारल्यासारखं झालं होतं. दोन किलोमीटर आलो असू. मास्तरीण पाढे म्हणता म्हणता गप्प झाली आणि स्कूटीचा वेग एकदम कमी केला. पुढं, पन्नासेक पावलांवर, रस्त्याच्या कडेला तो बसला होता. कुत्रं बसतं तसा, पुढचे पाय लांबवून. मला वाटलं होतं वाघ दिसला तर मी किंचाळेन. आवाजच निघाला नाही. माझ्या पिशवीत ग्रामपंचायतीत काढलेली त्या पानाची झेरॉक्स होती, आणि मनात एकच आलं, एवढीशी होती ती, दहा वर्षांची, घागर कमरेला.

"गाडी बंद नाही करायची," मास्तरीण ओठ न हलवता म्हणाली. "मागं नाही वळायचं. बसा तशाच."

किती वेळ गेला ठाऊक नाही. तो उठला, आमच्याकडं पाहिलंही नाही, रस्ता ओलांडून बांबूत शिरला. तरी आम्ही थांबलो. मग मागून ट्रॅक्टर आला, त्याच्या पाठोपाठ निघालो. फाट्यावर पोचल्यावर मास्तरीण स्कूटी लावून रस्त्याकडेच्या दगडावर बसली आणि रडली. "रोज नाही दिसत ताई," ती म्हणाली. "पण रोज वाटतं." तिचं लग्न ठरत होतं. घरचे नोकरी सोड म्हणत होते. ती नाही म्हणत होती.

आठवड्यानं मी वरोऱ्याला गेले. आत्यासमोर झेरॉक्स ठेवली. तिला वाचता येतं, पण तिनं कागद हातात घेतला नाही.

"तुला माहीत होतं?"

"माह्या आजीनं सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "पण ती वेगळं सांगे. मास्तर पोरीले जंगलात सोडून पळून आला म्हणे. तो शब्द तिचाच. पोटची पोर गेली होती ना तिची. तुह्या आजानं एक अक्षर उलटून म्हटलं नाई. आईनं नाव घेऊ नको म्हटलं तं नाव घेतलं नाई. नोकरीवर कधी गेला नाई मंग. मी लहान होतो तेव्हा त्याले विचारलं एकदा, बाबा, तू मास्तर होता का? तं म्हणे, नाई."

मी तिला त्या गावच्या आजीनं सांगितलेलं सगळं सांगितलं. विहीर, साहेब, मालक, डबा. आत्या नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मंग पळाला नाई तो." आणि उठून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी परत बोलली नाही.

मी नवी वंशावळ केली, शपथपत्र केलं, नोंदीची नक्कल जोडली. समितीच्या खिडकीवरच्या बाबूनं पान उजेडात धरलं.

"खाडाखोड आहे मॅडम."

"ती कारणाच्या रकान्यात आहे. जातीच्या रकान्यात नाही."

"ओळ तं एकच आहे ना. अन् पहिल्या वंशावळीत ही बाई नव्हती, आता अचानक आली. दक्षता पथकाकडं जाईल हे."

दक्षता पथक म्हणजे पोलिस अधिकारी गावी जाऊन चौकशी करणार. खोटा पुरावा ठरला तर जागा जाते, वर गुन्हा दाखल होतो. त्या पंधरा दिवसांत मी नीट झोपले नाही. पोरगी मला म्हणायची, "आई, जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू." पण ती बोलता बोलता नखं खायची. दारावर कुणी थाप मारली की आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो. आपण खोटं काही केलेलं नाही, एवढंच मी म्हणत राहायचे. खरं लिहून आजोबांचं काय झालं ते आता मला ठाऊक होतं.

मग अधिकाऱ्याचा फोन आला. गुरुवारी शाळेत रजिस्टर बघायला येणार होते. त्या काळचं कुणी माणूस असेल तर जबाब घेऊ म्हणाले.

मी मास्तरणीला फोन केला. ती म्हणाली, "आजींना विचारते. पण ताई, सून नाही म्हणेल." मलाही विचारायची लाज वाटत होती. माझ्या पोरीच्या जागेसाठी मी त्या म्हातारीची रोजीरोटी मागत होते.

गुरुवारी अधिकारी जीपनं आले, मी आधीच पोचले होते. त्यांनी रजिस्टर भिंगातून तपासलं, पुढची मागची पानं पाहिली. फारसं बोलणारा माणूस नव्हता. अकरा वाजून गेले. आजी आली नाही. साडेअकराला फाटकाबाहेर बायका दिसल्या. रोवणीला निघालेल्या सात-आठ जणी, पदर खोचलेल्या, आणि मधोमध आजी. तिला शाळेपर्यंत सोडायला त्या वाट वाकडी करून आल्या होत्या. सून त्यांच्यात नव्हती.

आजी खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. चाळिशीचा माणूस, स्वच्छ शर्ट. मास्तरणीचा चेहरा उतरला तसं मी ओळखलं कुणाच्या घरचा ते. तो आत आला, अधिकाऱ्यांना नमस्कार केला आणि हसून म्हणाला, "आजी, काऊन त्रास घेता? जुन्या गोष्टी तुम्हाले आठवत नाई आता."

आजीनं पदर डोक्यावर ओढला. मला वाटलं, ती आता उठून जाणार.

"मले काल काय खाल्लं ते आठवत नाई," ती म्हणाली. "हे आठवते."

अधिकाऱ्यांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. तो फाटकाशी जाऊन उभा राहिला, तिथूनही ऐकू येत होतं. आजीनं सगळं सांगितलं. मास्तर कोण होते, कुठल्या जातीचे, ती पोरगी त्यांची सख्खी बहीण, तिला विहिरीवर का येऊ देत नव्हते, रेघ कोणी मारली. मधे एकदा मास्तरणीनं पाणी दिलं. ती प्यायली आणि पुढं सांगू लागली.

जबाब वाचून दाखवल्यावर अधिकाऱ्यांनी शाईचं पॅड काढलं. आजी म्हणाली, "आंगठा नाई. मले सही येते." पेन धरायला तिला मदत लागली. पण नाव तिनं स्वतः लिहिलं, एकेक अक्षर सुटं, वरची रेघ शेवटी, खूप सावकाश. आम्ही सगळे थांबलो होतो. तो फाटकावरचा माणूसही. सही होताच त्यानं मोटरसायकल चालू केली आणि निघून गेला.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी प्रमाणपत्र आलं. पोरगी नागपूरला गेली. मला आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर हो म्हणेन, पण त्याच आठवड्यात मास्तरणीचा फोन आला होता. आजीच्या सुनेला उरलेल्या रोवणीला त्या घरानं बोलावलं नाही. इतर कुणी बोलावलं का, तर एक-दोघांनी बोलावलं, तेही लांबच्या शेतात, जंगलाला लागून. तिथं पहाऱ्याला बाई ठेवतात की नाही हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं, पण विचारलं नाही. म्हणून गावाचं नाव मी लिहीत नाही. मी तिथं पुन्हा जाऊन आले, दोन साड्या आणि तांदूळ घेऊन. सुनेनं ठेवून घेतलं, पण माझ्याकडं पाहिलं नाही. तिच्या जागी मीही पाहिलं नसतं.

पोळ्याच्या आधी आत्या स्वतःहून म्हणाली, "त्या बाईशी बोलता येईल का मले?"

मास्तरीण शाळा सुटल्यावर आजीकडं गेली आणि तिनं फोन लावून दिला. मी वरोऱ्याला आत्याच्या ओट्यावर बसून आवाज मोठा केला. फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग आत्यानं विचारलं, रोवणी झाली का. झाली. पाऊस कसा आहे. बरा आहे. गुडघे दुखतात का. दुखतात बाई, उठता येत नाई. अशा दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या, जशा बाजारात भेटल्या असाव्या.

मग आत्या म्हणाली, "एक विचारू का बाई?"

"विचारा ना."

"त्या दिवशी ती जेवून गेली होती का?"

पलीकडं आजीनं कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला.

"हो," ती म्हणाली. "सकाळी. भात अन् खेकड्याचं कालवण होतं. तिनं धरले होते खेकडे, आदल्या दिवशी. मले दाखवाले आणले होते तिनं, पदरात."

आत्यानं मान हलवली, जणू पलीकडून दिसत होतं. मग माझ्याकडं फोन दिला आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "खेकडे धरता येत होते तिले."